गांधीजींनी दूध सोडलं आणि मग शेळीचं घेतलं: एका व्रताची पूर्ण केस

घरात कुणी व्हीगन झालं, म्हणजे दूध-अंड्यासकट जनावरांपासून येणारं सगळं खाणं सोडलं, की एक वाक्य हमखास येतं, मामा म्हणतात, शेजारच्या काकू म्हणतात, कधीकधी फॅमिली डॉक्टरसुद्धा म्हणतात, की अगं गांधीजींनाही शेवटी दूध घ्यावंच लागलं, तू कोण लागून गेलीस. आणि विषय तिथेच संपतो, कारण ऐकणारीला पूर्ण गोष्ट माहीत नसते आणि बोलणाऱ्यालाही नसते. पण ही केस खरंच नीट वाचण्यासारखी आहे, कारण यातला पेशंट स्वतःबद्दल सगळं लिहून गेलाय, काय खाल्लं, किती जुलाब झाले, कोणी काय सल्ला दिला, आपण कुठे हट्ट केला, काहीही लपवलेलं नाही.

माझं मत आधीच सांगून टाकते म्हणजे गोंधळ नको. 1918 मध्ये गांधीजींचं शरीर कोसळलं ते आमांशाने, उपासाने आणि औषध नाकारल्याने, दूध बंद होतं म्हणून नाही. आणि दूध घ्यायला लागल्यावरही दूध सोडण्यामागचं त्यांचं कारण खोटं ठरलं नाही, ते स्वतः तसं कधीच म्हणाले नाहीत. तब्येतीचा प्रश्न वेगळा आणि जनावराला होणाऱ्या त्रासाचा प्रश्न वेगळा, आपण दोन्ही एकाच पातेल्यात ढवळतो आणि मग एकाचं उत्तर दुसऱ्याला देतो.

आधीची हिस्ट्री

राजकोटला शाळेत असताना एका मित्राने पटवलं की इंग्रज मांस खातात म्हणून तगडे आहेत आणि आपल्यावर राज्य करतात. नदीकाठी लपून बोकडाचं मटण खाल्लं आणि त्या रात्री झोप लागेना, पोटात जिवंत बकरी ओरडतेय असं वाटत राहिलं. पुढे वर्षभर अधूनमधून खाणं चालू राहिलं, मग आईवडिलांशी खोटं बोलावं लागतं म्हणून सोडलं, म्हणजे तेव्हा कारण खोटेपणा होतं, प्राणी नव्हे.

1888 मध्ये विलायतेला जाताना आईने बेचरजी स्वामी या जैन साधूंसमोर शपथ घ्यायला लावली, दारू, बाई आणि मांस वर्ज्य. लंडनमध्ये सुरुवातीला अक्षरशः उपासमार झाली, मग फॅरिंग्डन स्ट्रीटवर एक शाकाहारी हॉटेल सापडलं, तिथेच हेन्री सॉल्ट यांची शाकाहाराची बाजू मांडणारी पुस्तिका विकत घेतली आणि तिथून पुढे ते स्वतःच्या मर्जीने शाकाहारी झाले, आईला दिलेला शब्द म्हणून नाही.

आता इथे एक बारीक गोष्ट आहे, जी पुढे फार कामाची आहे. लंडनमध्ये त्यांना मांस म्हणजे काय याच्या तीन व्याख्या भेटल्या. पहिलीप्रमाणे फक्त पशुपक्ष्यांचं मांस ते मांस, मासे चालतात. दुसरीप्रमाणे मासेही मांसच पण अंडी चालतात. तिसरीप्रमाणे प्राण्यांपासून आलेलं सगळंच त्यात धरायचं, अंडी आणि दूधसुद्धा. त्यांनी काही दिवस अंडी खाल्लीही, आणि मग विचार केला की शपथ आईने दिली, तेव्हा आईच्या मनातला अर्थ हाच शपथेचा अर्थ, आणि आईच्या मनात अंडं हे मांसातच होतं. अंडी बंद. यावर ते असंही लिहितात की शपथेचे दोन अर्थ निघत असतील तर दोघांपैकी जो पक्ष दुबळा, त्याने लावलेला अर्थ धरावा. हा नियम लक्षात ठेवा, वीस-बाविशीतल्या पोराने स्वतःला घालून घेतलेला आहे.

1912 चं व्रत

दुधाबद्दल पहिली शंका त्यांना रायचंदभाईंकडून, म्हणजे ज्यांना ते फार मानत त्या जैन मित्राकडून मिळाली, दूध वासना वाढवतं वगैरे. हा भाग मला पटत नाही आणि आज कुणी या कारणासाठी दूध सोडत असेल असंही वाटत नाही. पण दुसरं कारण वेगळं होतं आणि ते ठोस होतं. दक्षिण आफ्रिकेत असताना त्यांच्या हातात कलकत्त्याहून आलेलं काही साहित्य पडलं, तिथले गवळी गाई-म्हशींचं शेवटचा थेंब निघेपर्यंत काय काय करतात याचं वर्णन असलेलं. त्यात फूका नावाचा प्रकार होता.

फूका म्हणजे काय ते सांगायलाच हवं, नाहीतर ही केस कळत नाही. गाय-म्हैस वासराशिवाय सहजी पान्हा सोडत नाही. शहरातल्या गोठ्यात वासरू सांभाळणं परवडत नाही, वासरू दूध पितं, जागा खातं, म्हणून ते उपाशी मरू द्यायचं किंवा काढून टाकायचं. मग पान्हा कसा सोडवायचा, तर जनावराच्या योनीत नळी घालून हवा फुंकायची. त्या ताणाने शरीरात ऑक्सिटोसिन नावाचं हार्मोन सुटतं, बाळंतपणात सुटतं तेच, आणि दूध उतरतं. जनावराला वेदना होतात, ते लवकर भाकड होतं, आणि भाकड झालं की खाटकाकडे. कलकत्त्याचं नाव आलं म्हणून आपण सुटलो असं समजू नका, शहरातला तबेला कुठलाही असो, गणित हेच असतं.

तर टॉल्स्टॉय फार्म या त्यांच्या आश्रमात, जोहान्सबर्गजवळ, 1912 मध्ये त्यांचे मित्र हर्मन कॅलनबाख एकदा बोलता बोलता म्हणाले की आपण दुधाच्या तोट्यांवर नुसतं बोलतोच, सोडत का नाही. दोघांनी त्याच जागी दूध सोडलं. पुढे काही दिवसांत दोघे फळांवरच आले, त्यातही स्वस्तातली फळं, भुईमुगाचे दाणे, केळी, खजूर, लिंबू, ऑलिव्ह ऑइल. तब्येत उत्तम होती, चालणं, शेतातली कामं, सत्याग्रह, सगळं या खाण्यावर झालं. व्रताचे शब्द काय होते हे कुठे लिहून ठेवलेलं नव्हतं, पुढचा सगळा घोळ तिथूनच आला.

पहिली परीक्षा, लंडन 1914

ऑगस्ट 1914 मध्ये लंडनला पोचले तेव्हा महायुद्ध सुरू झालेलं. तिथे छातीत पाणी होऊन प्लुरसी झाली. डॉ. जीवराज मेहता उपचार करत होते, ते दूध आणि धान्य घ्या म्हणून मागे लागले आणि त्यांनी ही तक्रार थेट गोपाळ कृष्ण गोखल्यांपर्यंत नेली. गोखल्यांना हे फळांवर राहणं मुळीच पसंत नव्हतं, डॉक्टर सांगतात ते घ्या असा त्यांचा आग्रह, आणि गोखल्यांचा शब्द मोडणं गांधीजींना किती जड जात असेल याची कल्पना करा, ज्यांना गुरू मानलं तो माणूस समोर, स्वतः आजारी, आणि काळजीपोटी सांगतोय.

गांधीजींनी विचाराला वेळ मागितला, रात्रभर विचार केला आणि सकाळी वेगळंच उत्तर दिलं. बाकी खाण्याचे नियम मी निव्वळ प्रयोग म्हणून पाळत होतो, त्यात मागे यायला तयार आहे, पण दुधात मागचं कारण धर्माचं आहे, तिथे नाही. कलकत्त्याच्या गवळ्यांचं ते चित्र डोळ्यांपुढून जात नव्हतं. गोखले फार खूश झाले नाहीत, पण निश्चय त्यांना आवडला. मला या केसमधला हा सगळ्यात स्वच्छ निर्णय वाटतो. प्रयोग कुठला आणि तत्त्व कुठलं हे माणसाने आजारपणात अंथरुणावर वेगळं करून दाखवलं, धान्य सुरू केलं, दूध नाही.

याच आजारपणातला एक प्रसंग तर आजच्या कुठल्याही व्हीगन माणसाचा वाटेल. लेडी सेसिलिया रॉबर्ट्स त्यांना भेटायला यायच्या, दूध घ्या म्हणून गळ घालायच्या, आणि ते ऐकत नाहीत म्हटल्यावर त्यांनी पर्याय शोधायला सुरुवात केली. कुणीतरी त्यांना सांगितलं की माल्टेड मिल्क घ्या, त्यात दूध अजिबात नाही, दुधाचे गुण असलेली ती रासायनिक पावडर आहे. बाईंनी विश्वासाने बाटली आणून दिली. गांधीजींनी पावडर पाण्यात कालवून प्यायली, चव हुबेहूब दुधाची. मग बाटलीवरचं लेबल वाचलं तर ती दुधाचीच. तिथल्या तिथे बंद केली आणि बाईंना कळवलं, त्या बिचाऱ्या माफी मागत धावत आल्या.

शंभराहून जास्त वर्षं झाली तरी बिस्किटाचा पुडा हातात घेऊन आपण तेच करतोय. हिरवा ठिपका असला तरी त्यात दूध पावडर असू शकते, कारण आपल्या नियमात दूध शाकाहारीच आहे. फूड सेफ्टी अथॉरिटीने व्हीगन पदार्थांसाठी वेगळे नियम आणि वेगळं चिन्ह आणलं ते 2022 मध्ये. चिन्ह नसेल तर बारीक अक्षरातली यादी वाचायची, दुसरा इलाज नाही.

नडियाद, 1918

आता मुख्य आजार. 1918 च्या पावसाळ्यात गांधीजी गुजरातमधल्या खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी गावोगाव फिरत होते (अहिंसावाद्याने भरती का करावी हा वेगळा वाद, इथे नको). बैलगाडीसुद्धा मिळेना, दिवसाला वीसेक मैल पायी, आणि खाणं मुख्यतः शेंगदाण्याचं लोणी आणि लिंबू. शेंगदाण्यात जवळजवळ अर्धं तेल असतं, त्याचं लोणी पोटभर खात राहिलं की पचनाची वाट लागणार. हे जास्त खाल्लं तर बाधतं हे त्यांना माहीत होतं आणि तरी खाल्लं, असं त्यांनीच लिहिलंय. हलका आमांश सुरू झाला.

त्यांचा उपाय उपास. थोडं बरं वाटलं. मग साबरमती आश्रमात एका सणाच्या दिवशी कस्तुरबांनी आग्रह केला. बांनी केलेला पदार्थ बघा, गव्हाची गोड लापशी, तूप नाही म्हणून तेल घालून केलेली, आणि वेगळी काढून ठेवलेली मुगाची वाटी. व्रत मोडू नये पण सणाचं गोड पोटात जावं म्हणून बाईने स्वयंपाकघरात काढलेली ही वाट आहे, तिचं नाव कुठे होत नाही म्हणून मुद्दाम लिहितेय. गांधीजींचा आवडता पदार्थ, चमचाभर खाऊन तिचं मन राखू म्हणून बसले आणि पोटभर खाल्लं. तासाभरात आमांश जोरात उलटला. त्याच संध्याकाळी नडियादला जायचं होतं, साबरमती स्टेशन जवळच, तरी पाय टाकवेना.

नडियादच्या अनाथाश्रमात पडून होते. दिवसाला तीस-चाळीस जुलाब. पहिल्यांदा फळांचा रसही नाही, पूर्ण उपास. डॉ. कानुगांनी इंजेक्शन सुचवलं, यांनी नकार दिला, का, तर इंजेक्शन म्हणजे प्राण्यांपासून काढलेलं कसलं तरी सीरम असणार असा समज. पुढे कळलं की ते वनस्पतीपासून केलेलं औषध होतं, आणि तोवर वेळ गेलेली. आपलं त्या वेळचं अज्ञान हास्यास्पद होतं असं ते लिहितात. त्या काळात आमांशावर इमेटिन वापरत, एका झाडाच्या मुळापासून निघणारं, म्हणजे शुद्ध शाकाहारी औषध.

मग अहमदाबादला, मग आश्रमात. एका रात्री तर मरणार अशी खात्री होऊन आश्रमातल्या लोकांना निरोपाचं सांगून झालं. त्याच सुमाराला डॉ. तळवलकर एका मराठी माणसाला घेऊन आले, केळकर नावाचे, ग्रँट मेडिकल कॉलेजात जवळजवळ सगळं शिक्षण करून डिग्री न घेतलेले, आणि बर्फाचे उपचार करणारे. आश्रमात त्यांचं नाव पडलं बर्फ डॉक्टर. सगळ्या अंगाला बर्फ लावायचे. गांधीजींना ते आपल्यासारखेच विक्षिप्त वाटले आणि माणूस आवडला. बर्फाने असो की आशेने, भूक परत आली आणि पाच-दहा मिनिटं चालता यायला लागलं. मग केळकर म्हणाले आता कच्ची अंडी घ्या, सगळ्या अंड्यांत जीव नसतो, निर्जीव अंडी बाजारात मिळतात. उत्तर, नाही.

हवापालट म्हणून माथेरान सुचवलं गेलं. तिथलं पाणी जड, त्यात जुलाबांनी गुदद्वाराला चिरा पडलेल्या, शौचाला बसलं की असह्य कळा, इतक्या की जेवायचं नाव काढलं तरी धडकी भरायची. आठवड्याच्या आत माथेरान सोडून मुंबई गाठली.

आणि मग शेळी

मुंबईत त्यांचे मित्र शंकरलाल बँकर यांनी सगळा ताबा घेतला आणि डॉ. दलालांना दाखवायला लावलं. जानेवारी 1919 मध्ये त्यांनी ऑपरेशन केलं. दलाल फटाफट निर्णय घेणारे, ते म्हणाले दूध घेतल्याशिवाय शरीर उभं करता येणार नाही, वर लोह आणि आर्सेनिकची इंजेक्शनं घेतलीत तर गॅरंटी देतो. यावर गांधीजी म्हणाले इंजेक्शनं द्या, दूध मात्र व्रतात बसत नाही.

म्हणजे बघा, काही महिन्यांपूर्वी ज्या माणसाने इंजेक्शन नाकारून मरण ओढवून घेतलं होतं तो आता इंजेक्शनला हो म्हणतोय. डॉक्टरांनी विचारलं व्रत नेमकं कशाचं, तेव्हा त्यांनी फूकाची सगळी गोष्ट सांगितली. बा पलंगाशी उभ्या राहून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, मग शेळीच्या दुधाला तर तुमची हरकत नसणार. डॉक्टरांनी लगेच धागा पकडला, शेळीचं चालेल, मला तेवढं पुरे. आणि गांधीजी नमले.

याचं कारणही त्यांनी लपवलं नाही. सत्याग्रहाचा लढा लढायचा होता, त्यासाठी जगायचं होतं. व्रत घेताना मनात गाय-म्हैसच होती हे खरं, पण त्याचा सरळ अर्थ सगळ्याच जनावरांचं दूध असा होता, मी व्रताचं अक्षर पाळलं आणि आत्मा सोडला, असं ते लिहितात, आणि ही गोष्ट आपल्याला अजून डाचते, शेळीचं दूध कसं सोडता येईल हाच विचार चालू असतो, असंही. 6 एप्रिल 1919 च्या हरताळाला ते मुंबईत चौपाटीवर हजर होते.

इथे तो लंडनचा नियम आठवा. शपथेचे दोन अर्थ निघाले तर दुबळ्या पक्षाचा अर्थ धरायचा. 1919 च्या त्या खोलीत चार माणसं होती, पेशंट, बायको, डॉक्टर, मित्र, आणि चौघांचंही बरोबर होतं, कुणी वाईट नव्हतं. दुबळा पक्ष खोलीत नव्हताच. म्हणून बांना मी मुळीच दोष देत नाही, नवरा हाडांचा सापळा झालेला समोर दिसत असताना तिने जे केलं ते मीही केलं असतं. पण शेळीलाही करडू असतं आणि करडू बोकड निघालं तर ते कुठे जातं हे आपल्याकडे कुणाला सांगायला लागत नाही. गांधीजींना हे कळत होतं म्हणूनच ते पुढची जवळपास तीस वर्षं दूध पीत राहिले पण समाधानी कधी झाले नाहीत.

दुधानेच बरे झाले का?

मामांच्या वाक्यातली खरी मेख इथे आहे. जानेवारी 1919 मध्ये तीन गोष्टी एकदम बदलल्या. ऑपरेशन झालं, म्हणजे शौचाच्या कळा थांबल्या आणि माणूस न घाबरता जेवायला लागला. लोहाची इंजेक्शनं सुरू झाली. आणि शेळीचं दूध. त्यानंतर तब्येत सुधारली तर श्रेय एकट्या दुधाला कसं द्यायचं? कुठलाही डॉक्टर सांगेल की असं तिन्ही एकत्र बदललं की काय लागू पडलं ते वेगळं काढता येत नाही. अनेक महिने धड न जेवलेल्या माणसाला प्रोटीन आणि कॅलरी हव्या होत्या, दुधाने त्या दिल्या, हे खरंच. पण मुगाचं कढण, नाचणीची आंबील, नारळाचं दूध घालून भाताची पेज यांनी त्या देता आल्या नसत्या असं म्हणायला या केसमध्ये काहीच आधार नाही, कारण तसा प्रयत्नच झाला नाही.

आणि बी12 व्हिटॅमिन म्हणाल, जी आज व्हीगन खाण्यातली खरी अडचण आहे, तर मोठ्या माणसाच्या लिव्हरमध्ये त्याचा साठा काही वर्षं पुरेल इतका असतो. त्यातून शेळीच्या दुधात बी12 गाईच्या दुधापेक्षा बरंच कमी असतं. म्हणजे बी12 कमी पडलं होतं असं धरलं तरी शेळीच्या दुधाने ते फारसं भरून आलं नसतं.

दिवसाला तीस-चाळीस जुलाब आणि वरून कडक उपास, यात माणूस पाणी आणि क्षार जाऊन मरतो. मीठ-साखर-पाण्याचं ठरावीक मिश्रण पाजून अशी माणसं वाचवता येतात हे 1971 मध्ये डॉ. दिलीप महालनबिस यांनी बनगावच्या निर्वासित छावणीत हजारो लोकांवर दाखवून दिलं. नडियादला तेच तर हवं होतं. ते व्हीगन आहे हे सांगायला नको.

पुढची वर्षं

गांधीजींनी शोध सोडला नाही. आत्मकथेत वाचकांनाच विनंती आहे की दुधाइतकं पौष्टिक आणि पचायला हलकं असं वनस्पतीचं काही कुणाला अनुभवाने, नुसतं वाचून नव्हे, माहीत असेल तर कळवा. आणि त्याच जोडीला इशारा, माझं ऐकून दूध सोडलं असेल आणि तब्येतीला मानवत नसेल तर हट्ट करू नका. दुसऱ्याच्या शरीरावर स्वतःचं तत्त्व लादायचं नाही याचं भान त्यांना होतं, आपल्यातल्या काही उत्साही व्हीगन मंडळींनी हे घेण्यासारखं आहे.

1929 मध्ये न शिजवलेल्या अन्नाचा प्रयोग केला, मोड आलेले गहू, वाटलेले बदाम, हिरवा पाला, लिंबू, मध. परत आमांश, परत शेळीचं दूध. 1931 च्या नोव्हेंबरात लंडनच्या शाकाहारी मंडळीत भाषण केलं, हेन्री सॉल्टही तिथे हजर, तिथे त्यांनी सांगितलं की नुसत्या तब्येतीसाठी शाकाहारी होणारे टिकत नाहीत, पाया नीतीचा हवा. 1935 मध्ये वर्ध्याला मगनवाडीत सोयाबीनचे प्रयोग झाले. ही गोष्ट आपल्याकडे फार कमी लोकांना माहीत असते. तेव्हा सोयाबीन हे इथे नवलाईचं पीक होतं, आज विदर्भ-मराठवाड्यात खरिपात नजर जाईल तिथे सोयाबीन, आणि त्यातलं बहुतेक तेलाला आणि राहिलेली पेंड कोंबड्या-जनावरांच्या खाद्याला. माणसाच्या ताटात येतं ते नगण्य. ज्याच्या शोधात तो माणूस होता ते त्याच्याच जिल्ह्यात शेतात उभं आहे आणि आपण ते कोंबडीला घालून मग अंडं खातो.

1942 मध्ये पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कैदेत असताना त्यांनी आरोग्यावर लिहिलं, त्यात अनुभवाने शिकलो म्हणून शाकाहारात दूध हवं असंच लिहिलंय, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. त्यांच्याकडे जेवढी माहिती होती तेवढ्यावर तो निष्कर्ष चूक नव्हता. बी12 शुद्ध स्वरूपात वेगळं काढण्यात अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये यश आलं ते 1948 मध्ये, गांधीजी गेले त्याच वर्षी. ज्या प्रश्नाचं उत्तर ते पंचवीस-तीस वर्षं डॉक्टरांकडे मागत होते ते त्यांच्यानंतर काही महिन्यांत आलं. आणि ते ना वनस्पती बनवते ना जनावर, बी12 बनवतात बॅक्टेरिया. आज गोळीतलं बी12 बॅक्टेरियाकडूनच बनवून घेतलेलं असतं, त्यात गाय नाही, म्हैस नाही, शेळी नाही.

आज हाच पेशंट आला तर

समजा आज तुमच्या घरात कुणी म्हटलं, दूध बंद. पहिलं काम म्हणजे रक्त तपासून बी12 आणि हिमोग्लोबिन बघणं, आणि हे दूध पिणाऱ्यांनीही करावं. पुण्यात केईएम हॉस्पिटलमध्ये डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या टीमने वर्षानुवर्षं केलेल्या अभ्यासात दूध-दही खाणाऱ्या शाकाहारी लोकांतही बी12 ची कमतरता सर्रास दिसली आहे, गरोदर बायकांतसुद्धा. म्हणजे रोज कपभर चहातलं दूध काही वाचवत नाही. गोळी डॉक्टरांना विचारून, पण नियमित, विसरलं तर चालेल असं नाही.

कॅल्शियमचं आपल्याकडे सोपं आहे. मोठ्या माणसाला दिवसाला 1000 मिलीग्रॅम लागतं असं 2020 पासून आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, सांगते. 100 ग्रॅम नाचणीत साधारण 350 मिलीग्रॅम असतं, गाईच्या 100 मिली दुधात 120 च्या आसपास. दोन नाचणीच्या भाकऱ्या, तिळाची चटणी, राजगिऱ्याची किंवा माठाची पालेभाजी, बरंचसं तिथेच जमतं. प्रोटीनसाठी किलोमागे 0.83 ग्रॅम, म्हणजे 60 किलोच्या बाईला पन्नासेक ग्रॅम. मटकीची उसळ, पिठलं, डाळ, दाण्याचं कूट, आठवड्यात दोन-तीनदा सोयाबीन, झालं. मराठी ताट एरवीही तूप, दही आणि ताक सोडलं तर जवळजवळ व्हीगनच असतं, भरली वांगी, ठेचा, थालीपीठ, वालाचं बिरडं, यात दूध कुठेय? अडतं ते चहा, सणाचं गोड आणि आजीचं मन यांत. पुरणपोळी तेलावर भाजता येते, मोदकात नारळ-गूळ, उकड तेलाने मळायची. श्रीखंडाचं मात्र काही करता येत नाही, खोटा धीर देणार नाही.

आणि कारणाचं काय, फूका तर गेला ना? 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात कलम 12 खास फूकासाठी आहे, दूध वाढवायला टोचलेलं घातक इंजेक्शनही त्यातच येतं, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हजार रुपये! नळी गेली आणि ऑक्सिटोसिनची सुई आली, हार्मोन तेच. रेडकाचं तर काय सांगायचं, म्हशीचा पारडा शेतात कामाचा नाही, दुधाचा नाही, त्याला पाजायला कोण दूध घालवणार. गोवंश हत्याबंदीचा 2015 चा कायदा गाय-बैलांना आहे, म्हशी-रेड्यांना नाही, आणि संकरित जर्सीचं खोंड घेऊन शेतकरी अडकून बसलाय, विकता येत नाही आणि पोसवत नाही. मी शेतकऱ्याला शत्रू मानत नाही, दहा दिवसांनी येणाऱ्या दुधाच्या बिलावर घराचा किराणा चालतो हे मला ठाऊक आहे. पण म्हणून गोठ्यात काय होतं ते बोलायचंच नाही, हे कसं चालेल?

तेव्हा पुढच्या वेळी मामांनी ते वाक्य टाकलं तर भांडू नका. हो मामा, घेतलं दूध, पण कोणत्या आजारात घेतलं, घेऊन काय लिहिलं, आणि 1948 नंतर काय कळलं, एवढं ऐकाल का, असं विचारा आणि नडियादपासून सुरुवात करा.